बोटांमधें पुसलेंस?

आमच्या घरात बाहेरून आलेल्या माणसाने पाय धुवावेत, इथपर्यंत कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची. पाय धुतल्यावर मी प्रत्येकाला बोटांच्या बेचक्या पुसायला लावतो, आणि पुसल्या म्हणून सांगितलं तरी वाकून बघतो. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हासुद्धा बघितल्या. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही डॉक्टर आहात, पण खरे डॉक्टर नाही." तिचं बरोबर आहे. मी पीएच.डी.चा डॉक्टर, साधं इंजेक्शन द्यायचा मला अधिकार नाही. पण बेचक्या तपासायचा अधिकार मला रीतसर मिळालेला आहे. तो दिला तंजावूरच्या तुळजाबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी.

मिरजेत राहून मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केली आणि नोकरीच्या नावाने हात चोळत बसलो होतो. तेव्हा तंजावूरच्या विद्यापीठातली एक जागा वर्तमानपत्रात दिसली. हत्तीरोगावरच्या प्रकल्पात संशोधक विद्यार्थी हवा होता. मामा म्हणाले, "जा. तिथे राजवाड्याभोवती आपले मराठी लोक आहेत, उपाशी मरणार नाहीस." मामांनी तंजावूर पाहिलेलं नव्हतं, पण कुठल्याही गावाबद्दल त्यांना खात्रीने बोलता यायचं.

प्रकल्पाच्या प्रमुख तुळजाबाई राजवाड्यामागच्या एका बोळात राहायच्या. मी पोचलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. उंच, काटकुळ्या, चष्म्याला काळी दोरी, सुती साडी घोट्याच्या चार बोटं वर. घरच्या वळणाप्रमाणे मी नमस्काराला वाकलो, तर त्या झटकन मागे सरकल्या.

"पायाला हात लावायचाच असला तर धुवायला लाव," त्या म्हणाल्या. "नमस्काराला लावूं नको. आणि आधीं स्वतःचे धू. तो चंबू तिकडे आहे."

रेल्वेच्या धुळीने माखलेले पाय मी अंगणातल्या दगडावर धुतले. फडक्याने पुसून आत जायला निघालो, तर चष्मा सावरत त्या खाली बघत होत्या.

"बोटांमधें पुसलेंस?"

"हो."

"नाहीं पुसलेंस. परत पूस."

मुलाखत एवढीच झाली. मग त्यांनी मला पानावर बसवलं, आंबट वरणभात आणि डांगर वाढलं आणि माझी निवड झाल्याचं सांगितलं. निवड कशावर झाली हे मी पुढे एकदा विचारलं. "परत पूस म्हटल्यावर तूं वाद घातला नाहींस," त्या म्हणाल्या.

त्यांचं मराठी माझ्या आजीपेक्षा जुनं होतं. 'कोठें', 'येथें', 'नाहीं' असे शब्द त्या अशा सहज बोलायच्या की मला आपलंच मराठी काल बाजारातून आणल्यासारखं वाटायचं. वाक्याचा शेवट मात्र तमिळच्या चालीवर वर जायचा. देवनागरी त्यांना धड वाचता येत नसे. माझ्या आईचं पोस्टकार्ड आलं की मी ते मोठ्याने वाचायचो आणि त्या मान डोलवत ऐकायच्या, जणू ते त्यांनाच आलंय. रागवायच्या तमिळमधून, समजूत काढायच्या मराठीतून आणि शास्त्र बोलायच्या इंग्रजीतून. त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं की पहिल्या शब्दालाच आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय ते कळायचं. प्रयोगशाळेत त्यांना मॅडम म्हणायचं आणि घरात अक्का. विद्यार्थ्यांना त्या गावाच्या नावाने हाक मारत. माझ्याबरोबर पापनाशमचा एक मुलगा होता, त्याला आयुष्यभर 'पापनाशम' हेच नाव चिकटलं. मी अर्थात 'मिरज' झालो.

पहिले काही महिने मी संशोधन असं काही केलंच नाही. काचेची भांडी धुतली. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, पेट्री डिश. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग ऊर्ध्वपातित पाणी. धुतलेली नळी अक्का खिडकीकडे धरून बघायच्या आणि पाण्याचा एक थेंब जरी काचेला चिकटून राहिला तरी ती परत माझ्या हातात यायची. "ज्याला भांडें घासतां येत नाहीं, त्याला शोध कसला लागतो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी मनात म्हणायचो, भांडीच घासायची होती तर मिरजेत काय कमी होती? पण तोंडाने म्हणायची छाती नव्हती. बाई स्वतःही घासायच्या. विभागप्रमुख झाल्या तरी त्यांच्या वाटणीची भांडी त्यांनी दुसऱ्याला लावू दिली नाहीत.

ते दिवस असे होते की रोज उठून बाहेरची एखादी कंपनी देशात पाय ठेवत होती. तसल्याच एका कंपनीने आमच्या प्रकल्पात एक गोळी आणली. हत्तीरोग डासांमुळे होतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकदा पाय सुजून जाड झाला की माणसाला खरा छळतो तो वरचेवर येणारा ताप. थंडी वाजते, पाय लालबुंद होतो, आठवडा आठवडा माणूस अंथरुणाला खिळतो आणि प्रत्येक तापानंतर सूज आणखी वाढते. अक्कांचं म्हणणं होतं की बोटांमधल्या चिरांतून जंतू आत शिरतात आणि हा ताप आणतात. कंपनीची गोळी त्या जंतूंवर होती. अर्ध्या रोग्यांना खरी गोळी द्यायची, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. बाटल्या दोन प्रकारच्या, हिरव्या झाकणाची आणि पांढऱ्या झाकणाची. कोणत्या झाकणाखाली काय आहे हे फक्त कंपनीला ठाऊक. हिरव्या आणि पांढऱ्या लोकांच्या तापांत फरक दिसला की गोळी पास. माझा प्रबंध त्या फरकावर बेतलेला होता. फरक नाही तर प्रबंध नाही, असा सरळ हिशेब होता आणि तो मला झोपेतही पाठ होता.

आठवड्यातून दोन सकाळी आम्ही पापनाशमच्या बसने निघायचो आणि कालव्याकाठच्या एका खेड्यात उतरायचो. तिथल्या शाळेच्या ओसरीवर आमचा दवाखाना. रोगी बहुतेक बायका, भाताच्या लावणीला जाणाऱ्या. पहिल्या दिवशी त्या ओसरीखालीच घोळका करून उभ्या राहिल्या. पाय चिखलाने भरलेले, साड्या मुद्दाम खाली सोडलेल्या. वर कोणी येईना. मी नळ्या आणि कापसाचे बोळे मांडून तयार होतो.

अक्कांनी पंपावरून पाणी आणवलं, परात घेतली आणि पायरीवर फतकल मारून बसल्या. "वांगो, वांगो," म्हणून सगळ्यांना बोलावलं. सर्वांत पुढे कुंजम्माळ म्हणून एक बाई होती, अंगाने दणकट आणि जिभेने त्याहून. तिचं तमिळ पापनाशम मला समजावून सांगत होता. ती म्हणाली, "रक्त पाहिजे तर हातातून घ्या. पाय दाखवणार नाही." अक्का तिला तमिळमधूनच म्हणाल्या, "दाखवूं नको. नुसता परातींत ठेव. दारांत आलेल्या माणसाला पाणी न देतां मी कधीं आंत घेतलें नाहीं, आज कशी घेऊं?"

कुंजम्माळने पाय ठेवला. तो पाय मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो; सालपट निघालेला, घड्या पडलेला, वास येणारा. अक्कांनी दोन्ही हातांनी साबण लावला, घडी न् घडी उघडून धुतली, मऊ फडक्याने टिपली आणि मग एकेक बोट वेगळं करून मधली जागा कोरडी केली. घाई नाही, तोंड वाकडं नाही. कुंजम्माळ आधी ताठ बसली होती. मग एकदम रडायला लागली, आणि रडता रडता अक्कांवरच डाफरली, "माझ्या सासूने माझं ताट वेगळं केलंय, आणि तुम्ही हे काय करताय?" शाळेचे हेडमास्तर खांबाआड जाऊन उभे राहिले. राजवाड्याजवळच्या घरातली बाई शेतमजुरणीचे पाय धुतेय, हे बघावं की बघू नये ते त्यांना ठरवता येईना.

"मिरज, तूं काय बघतोस?" अक्का म्हणाल्या. "दुसरी परात घे."

त्या दिवसापासून ती रीत पडली. ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकीचे पाय आम्ही धुवायचो, पुसायचो आणि मगच नमुना घ्यायचो. हिरवं झाकण असो वा पांढरं, पाणी सगळ्यांना. पुढे पुढे तर बायका घरूनच धुऊन यायला लागल्या. विद्यापीठातली माणसं आपल्या पायाला हात लावणार, मग घाण पाय कसा पुढे करायचा, अशी त्यांची लाज. रोज धुवायची सवय लागली. अक्का त्यांना एकच मंत्र द्यायच्या: "या रोगाला तीन औषधें. साबण, पाणी आणि वाकणारी कंबर." कुंजम्माळची सूज थोडी उतरली तशी तिने मोठ्या हौसेने जोडवी घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती बोटांत बसली होती. सगळ्यांना दाखवत ती ओसरीवर चढली आणि अक्कांनी काय करावं? जोडवी काढायला लावून त्यांच्याखाली ओल आहे का ते बघितलं. कुंजम्माळने अशा काही शिव्या घातल्या की पापनाशमने मला त्यांचा अर्थ सांगायचं नाकारलं.

आणि एवढं सगळं होत असताना आमच्यापैकी एकानेही ते पाय धुणं कुठे लिहिलं नाही. रक्त लिहिलं, जंतू लिहिले, पायाचा घेर लिहिला, ताप लिहिले. आलेल्याला पाणी दिलं, असं कोण लिहितं? ती काय शास्त्रातली गोष्ट आहे?

कुरुवैच्या, म्हणजे जूनमधल्या भाताच्या लावणीपासून पुढच्या वर्षीच्या पोंगलपर्यंत हे चाललं. मग कंपनीचे साहेब मुंबईहून आले. पोरगेलेसे, हुशार, मांडीवर मावेल एवढा संगणक घेऊन. तसला संगणक आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. साहेबांनी आमचे आकडे त्यात भरले, झाकणांचं गुपित उघडलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मला घाम फुटला.

"ताप खूपच कमी झालेत," ते म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडणार तोच पुढे म्हणाले, "पण दोन्ही गटांत. हिरव्यात आणि पांढऱ्यात काही फरक नाही."

खोटी गोळी घेणाऱ्या बायकांचाही ताप पळाला होता. कुंजम्माळची बाटली पांढऱ्या झाकणाची होती, आणि पांढऱ्या झाकणाखाली नुसतं साखर-पीठ होतं. साहेबांनी विचारलं, "गोळीशिवाय तुम्ही आणखी काय करत होता?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. पापनाशम हळूच म्हणाला, "पाय धूत होतो, सर."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसले आणि चांगला तोडगा काढला. चूक झाली, हरकत नाही. दुसरं गाव घ्या, गोळ्या परत द्या, फक्त या वेळी पाय धुवू नका. मग गोळीचा गुण वेगळा दिसेल. कंपनी नवी यंत्रं देईल, विद्यार्थ्यांना मुदत वाढवून देईल. माझा जीव भांड्यात पडला. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने तर ते अमृत होतं. ज्या यंत्रासाठी अक्का कित्येक वर्षं दिल्लीला अर्ज करत होत्या, ते आता त्यांच्या दारात चालत आलं होतं.

अक्का इंग्रजीत म्हणाल्या की पद्धत बरोबर आहे. मला आशा वाटली. आणि मग त्या मराठीत, माझ्याकडे बघून बोलल्या, म्हणजे समजूत काढायला लागल्या. मी समजलो, संपलं.

"मिरज, काल आपल्याला माहीत नव्हतें. आज माहीत झालें. पाणी दिल्यानें ताप जातो हें माहीत असून मी कोणाला पाण्यावांचून ठेवूं? गोळी चांगली दिसावी म्हणून?"

"पण माझा प्रबंध, अक्का?" प्रयोगशाळेत मी त्यांना पहिल्यांदाच अक्का म्हटलं होतं.

"तो माझ्याकडे लागला," त्या म्हणाल्या.

साहेबांनी खूप समजावलं, मग संगणक मिटवला. प्रकल्प बंद झाला. जाताना त्यांनी अक्कांना वाकून नमस्कार करायला हात पुढे केला, आणि अक्का नेहमीप्रमाणे मागे सरकल्या.

मग खरी लढाई विद्यापीठात झाली. माझ्या प्रबंधाचा विषय बदलून मागायला अक्का संशोधन मंडळापुढे गेल्या, तेव्हा एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "साबण-पाण्यावर पीएच.डी.? मग उद्या आंघोळीवर डी.एस्सी. देऊ या." सगळे हसले. अक्का पण हसल्या. मग म्हणाल्या, "द्या. पण आकडे बघून द्या." दुसऱ्या एकांनी मात्र रास्त प्रश्न विचारला. पाय धुणं आता कोणालाच नाकारणार नसाल, तर तुलना कशाशी करणार? धुतल्यानेच ताप गेला, हे सिद्ध कसं होणार?

हा प्रश्न मलाही पोखरत होता. त्याचं उत्तर अक्कांना बसमध्ये सुचलं. भाताच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या, एकदम ताठ झाल्या.

"आपण माणसें किती? मूठभर. सगळ्या गांवांना एकदम पोचतां येतें कां? नाहीं. मग जेथें उशिरां पोचूं, तें गांव तोंपर्यंत आपली तुलना. मुद्दाम कोणाला ठेवायचें नाहीं. फक्त आधीं कोण आणि मागून कोण, तें आपण ठरवायचें नाहीं."

ते ठरवलं चिठ्ठ्यांनी. गावांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या शाळेच्या ओसरीवर परातीत टाकल्या, पाय धुवायच्याच परातीत, आणि कुंजम्माळने डोळे मिटून एकेक उचलली. ज्या गावाचं नाव शेवटी निघालं, तिथली बाई भांडायला उठली. अक्कांनी तिला समजावलं की तुझी पाळी नक्की येईल, आणि ती आली. पापनाशम आणि मी पुढची दोन वर्षं सायकलींच्या कॅरियरला बादल्या बांधून कालव्यांच्या बांधांवरून फिरलो. एकेका गावात आम्ही पोचायचो आणि मागोमाग तिथले ताप उतरायला लागायचे. जिथे पोचलो नव्हतो तिथे ते तसेच. त्या आकड्यांच्या आलेखात पायऱ्या पडल्या. तो आलेख मी पहिल्यांदा काढला तेव्हा अक्कांनी तो परीक्षानळीसारखा खिडकीकडे धरला, बराच वेळ बघितला आणि परत दिला नाही. हीच त्यांची शाबासकी.

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते फार मोठे आणि फार कंटाळलेले होते. सभागृहाच्या मागच्या बाकांवर खेड्यातल्या बायका नटून बसलेल्या, कारण आमच्याकडे ही परीक्षा कोणालाही ऐकता येते, आणि अक्कांनी सगळ्यांना आमंत्रण धाडलं होतं. परीक्षकांनी आलेखावर खूप प्रश्न विचारले, शेवटी म्हणाले, "हे मला माझ्या भागात करायचं असेल तर काय सामान लागेल?" मी म्हणालो, "साबण, पाणी आणि वाकणारी कंबर." मार्गदर्शकाने त्या वेळी बोलायचं नसतं. अक्का बोलल्या नाहीत, फक्त चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. परीक्षक हसले आणि सही केली. मी पदवी घेऊन पुण्याला आलो. हा उपचार पुढे ठिकठिकाणी रुजला, आणि आज त्यात नवल काही उरलेलं नाही. अक्कांचं नाव त्याला कुठे चिकटलं नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यांना वाटत नसे.

शेवटचा गेलो तेव्हा त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घरातच पडून खुबा मोडला होता. अंगणाकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, आणखी काटकुळ्या, चष्म्याची तीच काळी दोरी. मला बघून म्हणाल्या, "मिरज, उभा काय राहिलास? चंबू तिकडे आहे." मी पाय धुतले, पुसले आणि बेचक्या दाखवल्या. त्यांनी मान हलवली.

गप्पा झाल्या. कुंजम्माळ अजून लावणीला जाते, पापनाशम आता स्वतःच विभागप्रमुख आहे. मग बोलता बोलता त्या स्वतःच्या पायांकडे बघून थांबल्या. "भाची धुते," म्हणाल्या. "चांगली आहे. पण घाई करते. आणि मला आतां वाकतां येत नाहीं." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तक्रार ऐकली.

मी उठलो आणि परात आणली. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"तूं नको."

"पायाला हात लावायचाच असला तर धुवायला लाव, असं तुम्हीच म्हणाला होता, अक्का. मी इतकी वर्षं नमस्कार केला नाही तुम्हाला."

थोड्या वेळाने एक पाय पुढे आला. मी परातीपुढे बसलो, साबण लावला, पाणी घातलं, फडक्याने टिपलं आणि एकेक बोट वेगळं करून पुसलं, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं. माझे डोळे भरून आले होते आणि नीट दिसत नव्हतं, म्हणून मान खाली ठेवली.

"बोटांमधें पुसलेंस?"

"पुसलं, अक्का."

त्यांनी डोळे मिटून बोटं हळूच हलवली.

"करंगळीपाशीं नाहीं पुसलेंस. परत पूस."

मी वाकून बघितलं. तिथे खरंच ओलं होतं.